शेवटच्या रांगेपर्यंत

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या घराची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. पलीकडे एक वयस्कर ऑपेरा गायक एकटेच राहतात, मूळचे लॅटव्हियाचे. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात सकाळी पलीकडून आवाज यायला लागला. एक स्वर, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा, आणि तिथे तो फाटायचा. थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून.

मोटारींच्या आतला आवाज मोजणं हे माझं काम. सवयीने मी भिंतीशी मीटर धरला. बेचाळीस डेसिबल. आमचा फ्रिज साधारण तेवढाच वाजतो. तक्रारीला जागा नव्हती, तरी मी त्यांचं दार वाजवलं.

"त्रास होतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण वरचा स्वर रोज एकाच ठिकाणी तुटतो. मी मोजून पाहिलंय."

ते हसले. "टीकाकार पुष्कळ आले. मीटर घेऊन आलेला तू पहिलाच."

घरी परतलो तेव्हा बायको म्हणाली, "पाच मिनिटं म्हणून गेलात. तिकडे शिकवणी लावली की काय?"

शिकवणी नाही, पण शनिवारचा चहा त्यांच्याकडे ठरून गेला. त्यांची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. समुद्रकाठच्या लहान गावात जन्म, आई मासळीच्या कारखान्यात. राजधानी रिगाला जाऊन ते गाणं शिकले आणि तिथल्या ऑपेरात तरुण नायकाच्या भूमिका गाऊ लागले. देश स्वतंत्र झाल्यावर अमेरिकेत आले. इथे मात्र बहुतेक वर्षं ते बदली गायक होते. म्हणजे पूर्ण भूमिका पाठ करायची, कपडे करून विंगेत बसायचं, आणि मुख्य गायकाचा घसा बसला तरच रंगमंचावर जायचं. दिवसा रंगाच्या दुकानात नोकरी.

"किती वेळा जावं लागलं?" मी विचारलं.

"तू हे विचारणार, ठाऊक होतं. चार."

"एवढ्या वर्षांत?"

"हो. पण तयार मी रोज होतो."

मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्राच्या नसेला इजा झाली. बोलता येईल, गाणं विसरा, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच महिन्यात यांनी पहिल्या स्वरापासून सुरुवात केली. तीच आमच्या भिंतीतून ऐकू येत होती.

यंदा हिवाळा सरता सरता त्यांच्या गावाहून बोलावणं आलं. उन्हाळ्यात तिथल्या लाकडी चर्चमध्ये गायचं, आणि त्यांची आई म्हणायची तेच गाणं. त्याच्या दोन्ही कडव्यांची शेवटची ओळ अगदी हळू म्हणायची असते. उंच स्वर गेला हे त्यांनी मान्य केलं होतं. हळू स्वर शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का, तेवढं त्यांना पाहायचं होतं. पोचला तर जायचं, नाहीतर नकार कळवून गाणं कायमचं बंद.

"माईक लावा की," मी म्हणालो.

"मग स्पीकर गाईल. त्याच्यासाठी मी कशाला एवढा प्रवास करू?"

रिकाम्या हॉलमध्ये पाहून उपयोग नव्हता. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात, हे मला गाड्यांच्या सीटवरून पक्कं माहीत होतं. भरलेला हॉल माझ्या ओळखीत एकच, आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचा. मी सेक्रेटरीला फोन केला.

"यार, आपल्याकडे ऑपेरा? तोही विदाउट माईक? मागचे लोक समोसे खायला उठतील."

"मी मागेच बसतो. उठणाऱ्याला माझ्या अंगावरून जावं लागेल."

शेवटी एक गाणं कबूल झालं. आता गायकांसाठी सगळं नीट व्हावं म्हणून मी कंबर कसली. आमच्या गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला ते आले होते. एक मुलगी गात असताना लोक मधेच "वा!", "क्या बात है!" म्हणतात, हे पाहून ते चकित झाले होते. ऑपेरात गाणं संपेपर्यंत कोणी खोकतसुद्धा नाही, असं तेव्हा म्हणाले होते. म्हणून गाण्याआधी मीच माईकवरून मराठीत सूचना दिली. मधे दाद द्यायची नाही, मान डोलवायची नाही, मुलांना गप्प बसवायचं. मग माईक बाजूला केला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

ते गायले. पहिल्या कडव्याची शेवटची ओळ आली आणि श्वासाइतक्या हळू स्वरातलं प्रत्येक अक्षर मला ऐकू आलं. आमची माणसं एरवी कधी बसत नाहीत इतकी शिस्तीत बसली होती. कुठे हूं की चूं नाही.

त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. दुसरं कडवं बाकी होतं, पण ते थांबले. पाहत राहिले, मग खाली मान घालून विंगेकडे वळले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही माणसं आवडलं की बोलून दाखवतात, हे त्यांनी दिवाळीत पाहिलं होतं. आज कोणी बोललं नाही, म्हणजे पोचलं नाही.

माझ्या शेजारी नागपूरच्या एक काकू होत्या. "अहो, ते चालले की! तुम्हीच सगळ्यांची तोंडं शिवून ठेवली," त्या माझ्यावर करवादल्या.

मी उभा राहून इंग्रजीत ओरडलो, "थांबा! मी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं! मला सगळं ऐकू आलं!"

ते वळले. "तू शेजारी आहेस. तू चांगलंच सांगणार."

हॉल हसला. काकूंना इंग्रजी समजलं. त्या उठल्या, पदर सावरला, आणि शब्द येत नव्हते म्हणून नुसत्या गुणगुणत ती शेवटची ओळ त्यांनी परत म्हणून दाखवली. चाल बरोबर, शेवटचा हेलकावाही बरोबर.

गायक डोळे मिटून ऐकत होते. मग रंगमंचाच्या मध्यावर परत आले आणि दुसरं कडवं म्हटलं. हळू ओळीला काकूंच्या तोंडून "वा!" निघून गेलं. ते अर्धा श्वास थांबले आणि पुढे गेले.

घरी येताना गाडीत त्यांनी फोनवरून गावाला होकार कळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होतो, तेव्हा भिंतीपलीकडे पहिला स्वर लागला. मग वरचा. मग त्याच्या वरचा, आणि तो नेहमीच्याच जागी फाटला. थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून.