सरांची टीम

"तुम्हाला टीममध्ये घेतलंय," असं सर लिफ्टमध्ये सांगायचे. खांद्यावर हात ठेवायचे आणि तिसरा मजला यायच्या आत आपण त्यांच्या नव्या प्रकल्पाचे सहसंशोधक झालेले असायचो. कसलं संशोधन, हे विचारायला सवडच मिळत नसे. तुमच्याही ऑफिसात असे एक गृहस्थ असतील. नसतील तर तुम्ही सुखी आहात.

सर पुण्याचे, मी राजाजीनगरातल्या जुन्या मराठी घरातला. बंगळूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी फिजिओथेरपी शिकवतो. अनुदान देणाऱ्यांना हल्ली एका विषयाचा माणूस चालत नाही, वेगवेगळ्या विषयांची माणसं एकत्र लागतात, एवढं सरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून आहेरात आलेली भांडी कपाटात लावून ठेवावीत तशी ते माणसं जमवायचे. "टीम मोठी दिसली पाहिजे," हे त्यांचं पालुपद. टीमनं एकमेकांशी बोललंही पाहिजे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एका वर्षी त्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी अर्ज केला. त्यातला शिक्षणाचा भाग मात्र खरा होता, आणि तो सरांचा नव्हता. आमच्याकडच्या एका सीनियर नर्सला सगळे अक्का म्हणायचे. पक्षाघात झालेल्या माणसाला ठसका लागू न देता कसं भरवायचं, हे त्या घरच्यांना शिकवायच्या. दर गुरुवारी, जिन्याखालच्या बाकावर, वॉर्डच्या कामातून कशीबशी काढलेल्या अर्ध्या तासात. अनुदान मिळालं तर त्यांना एक खोली आणि आठवड्यातल्या दोन दुपारी मिळणार होत्या. अक्कांना दुसरं काहीच नको होतं.

समिती पाहणीला आली तेव्हा टेबलाभोवती आम्ही सहा जण इस्त्रीच्या कपड्यांत बसलो होतो. समितीतल्या बाईंनी साधा प्रश्न विचारला. तुमच्या शेजारी बसलेला माणूस रुग्णासाठी काय करतो, ते सांगा. माझ्या शेजारी वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या. मला त्यांचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. सर शेजारच्या इंजिनियरकडे बघून नुसते हसत राहिले. प्रात्यक्षिकासाठी एका रुग्णाला घेऊन अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सहाही जणांची कामं सांगितली, कोणाकडे कुठला रुग्ण पाठवला होता त्यासकट. समितीतल्या बाई लिहून घेत होत्या. अनुदान मिळालं.

शेवटच्या कागदांत अक्कांचं नाव नव्हतं. शिक्षणप्रमुख म्हणून कुणी डॉक्टरेट झालेले गृहस्थ आले होते आणि या बदलाला आम्हा सगळ्यांची सही हवी होती. अक्कांचं काय, असं मी विचारलं.

"अहो, त्या टीममध्ये आहेतच," सर म्हणाले. "फक्त कागदावर नाहीत."

इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नव्हता. आणि मी सही केली. बढतीसाठी मला एक प्रकल्प नावावर हवा होता.

खोली मिळाली. तिथे मोठा पडदा लागला आणि त्यावर डॉक्टरेटवाल्यांचे व्हिडिओ. बघायला कोणी फिरकेना. अक्कांना डोळ्यांच्या विभागात टाकलं आणि गुरुवारही संपले. पुढे सर दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत गेले, जाताना उरलेलं अनुदानही घेऊन गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी टीमचे आभार मानले, तेही इंजिनियरचं नाव चुकवून. त्यांची आठवण काढताना मला अजून तरी गहिवरून आलेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्याच राजाजीनगरातल्या एक बाई सासऱ्यांना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आल्या. त्या पूर्वी अक्कांकडे शिकून गेल्या होत्या, पण दुसऱ्या झटक्यानंतर म्हाताऱ्यांना पुन्हा ठसका लागत होता. क्लास बंद झाला, असं मी सांगितलं. कुणी बंद केला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी चटकन सरांचं नाव घेतलं.

भिंतीवर टीमचा फोटो होता. बाईंनी त्यात मला शोधलं आणि आमच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "तुम्ही पण आहात की ह्यात. स्वल्प दाखवा, सार, कसं भरवायचं ते."

त्यांनी डब्यातली तांदळाची पातळ गंजी पुढे केली. मी चमचा भरला आणि म्हाताऱ्यांचं डोकं मागे टेकवलं. बाईंनी झटकन माझा हात धरला. चमचा काढून घेतला, सासऱ्यांची हनुवटी हळूच खाली आणली, घास दिला आणि तो उतरेपर्यंत थांबल्या.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "अक्कांच्या क्लासला तुम्ही एकदाही आला नव्हता काय, सार?"

नव्हतो, असं मला सांगावं लागलं.