आतोबा आणि बारमाही भाजी

आमच्या आतोबांनी होकार दिल्याशिवाय सदाशिव पेठेत एकही ऋतू बदलत नसे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरी सरकारी कचेरीत झाली, पण जीव सगळा मंडईत. कधी काय घ्यावं, आणि मुख्य म्हणजे काय घेऊ नये, हे जगाला सांगायलाच आपण जन्मलो आहोत अशी त्यांची समजूत होती. कुणी विचारायची वाट बघणं स्वभावातच नव्हतं. द्राक्षाच्या घडाचा टोकाचा मणी चाखायचा, कारण तो शेवटी गोड होतो. भेंडीचं टोक कट्कन मोडलं तरच ती पिशवीत. पावसाळ्यात वांगं घरात आणायचं नाही. भर मे महिन्यात शेजारचे गृहस्थ फ्लॉवरचा गड्डा घेऊन जिना चढत होते, त्यांना अडवून आतोबांनी विचारलं, "पाहुण्यांवर राग आहे का?" जूनमधल्या एका लग्नात पानात मटारची उसळ आली. ती बाजूला सारून ते वधूपित्याला शांतपणे म्हणाले, "मुहूर्त चुकला तुमचा. लग्नाचा नव्हे, मटारचा." त्यानंतर आत्या आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती.

पुढे माझा आतेभाऊ आयटीत चांगला स्थिरावला, वाघोलीला मोठा फ्लॅट घेतला आणि दोघांना तिकडे घेऊन गेला. जवळच नवा मॉल झाला होता. तिथे थंडगार हवेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत्येक भाजी बारा महिने हजर. आतोबा रोज जाऊन त्या मांडणीपाशी उभे राहू लागले. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरी घाईघाईने टोपल्या भरत, आणि हे त्यांना थांबवत. एका श्रावणात मीही बरोबर होतो. एका मुलीने यांचं ऐकून वांगी परत ठेवली, तसा गणवेशातला व्यवस्थापक आला. "अंकल, कस्टमर को डिस्टर्ब मत कीजिए."

"त्रास देत नाहीये, वाचवतोय," आतोबा म्हणाले.

त्याने नंबर मागून सरळ मुलाला फोन लावला. आतेभाऊ मीटिंग सोडून आला, व्यवस्थापकाला दोनदा सॉरी म्हणाला आणि मग सगळ्यांदेखत वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्हाला कुणी विचारलंय का? आता सगळं कधीही मिळतं. कुणाला गरज नाहीये तुमची!"

ती मुलगी अजून तिथेच होती. तिने खाली मान घालून वांगी पुन्हा टोपलीत टाकली. आतोबा तिच्याकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "बरोबर आहे तुझं." संध्याकाळी मुलाने माफी मागितली, तेव्हाही तेच म्हणाले, "नाही रे, बरोबरच होतं."

मॉलमध्ये ते परत गेले नाहीत. पानात पडेल ते निमूट खायचे. आत्या फोनवर म्हणाली, "काल भर उन्हाळ्यात मटार केला, मुद्दाम. पुन्हा वाढून घेतला रे यांनी."

मग फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच मी हापूस घेऊन गेलो. वरून केशरी, आत आंबटढाण. पावडर लावून पिकवलेला, हे वासावरूनच कळत होतं. वाटलं, आता तरी भडकतील, मला अडाणी म्हणतील, पेटीसकट बाहेर काढतील. आतोबांनी फोड शांतपणे संपवली.

"छान आहे."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती.

"आंबट नाही लागत?" मी विचारलं.

"नाही रे, चांगलाय." त्यांनी रुमालाने बोटं पुसली. "एवढ्या लांबून आणलास. आता नीघ, नगर रस्त्याला गर्दी होते."

आणि मला सोडायला ते लिफ्टपर्यंत आले.