रिमवरचा चीक

सीटचा पाइप तसूभर हलत नव्हता. दोन दिवस डिझेल सोडून ठेवलं होतं, लाकडी हातोडीने चारी बाजूंनी ठोकून झालं होतं, तरी पठ्ठ्या ढिम्म.

"नाना, निघत नसेल तर राहू द्या," रंजनाताई म्हणाल्या. "आहे त्या उंचीवर बसेन मी."

"गुडघे जातील ताई. तुम्ही नर्स, आणि हे मी सांगायचं का?"

सीट खाली असली की पाय पूर्ण सरळ होत नाही, सगळा भार गुडघ्यावर येतो. तिसऱ्या दिवशी पाइपच्या तोंडावर उकळतं पाणी ओतलं, पाना लावला आणि देवाचं नाव न घेता सरळ दोन शिव्या घातल्या. निघाला एकदाचा.

एरंडोलला माझं सायकलचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं, चाळीस वर्षांपासून माझं. रंजनाताई तायडे इथल्या दवाखान्यात स्टाफ नर्स. माहेर रावेरकडचं. शाळेत असताना गावाहून रोज सायकलने जायच्या, पुढे लग्न, नोकरी, मुलं, सायकल सुटली. एकोणपन्नासाव्या वर्षी शुगर निघाली आणि बाईंनी ठरवलं, पुन्हा सायकल चालवायची. नव्या गिअरच्या सायकलींच्या किमती ऐकून परत आल्या. मग आठवलं, भावाच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये पुतण्याची जुनी माउंटन बाइक पडून आहे. जाड टायर, गिअर, पुढे स्प्रिंगचा फोर्क. पुतण्या नोकरीला पुण्यात, सायकल दहा-बारा वर्षं घडांच्या आणि खोक्यांच्या खाली.

आली तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. पण फ्रेम लोखंडाची होती आणि कुठे तडा नव्हता. फ्रेम शाबूत असली की मी नाही म्हणत नाही.

स्वस्तात जुनी सायकल उभी करायची तर माझा एकच नियम आहे. जे जमिनीला टेकतं आणि जे थांबवतं, ते नवं घ्यायचं, बाकी सगळं जमवायचं. त्याप्रमाणे टायर, ट्यूब, ब्रेकच्या केबल आणि ब्रेक पॅड नवे घातले. चेन डिझेलमध्ये भिजवून सोडवली. चाकाचा हेलकावा आऱ्या कसून काढला. पुढच्या फोर्कची स्प्रिंग गंजून दगड झाली होती, तिला हात लावला नाही. दणके बसतील, पण दणक्यांनी माणूस मरत नाही.

ताई रोज ड्युटी संपली की येऊन बसायच्या. त्यांना घाई होती. दवाखान्यातले आणि शाळेतले पाच-सहा जण रविवारी सकाळी सायकलने पद्मालयला, डोंगरावरच्या गणपतीला, जातात. सगळ्यांच्या सायकली भारी. ताई त्यांना सांगून बसल्या होत्या, या रविवारी मी येणार.

"घरी चालतंय का?" मी विचारलं.

"पोरगा म्हणतो, आई, या वयात पडलीस तर कोण बघणार? नाना, एकदा जरी पडले ना, ही सायकल दुसऱ्या दिवशी भंगारात जाईल. माझं सगळं या एका रविवारवर आहे."

शनिवारी दुपारी सायकल तयार झाली. मी स्वतः ट्रायल घेतली. बाजाराच्या उतारावर दोन्ही ब्रेक दाबले, सायकल जागच्या जागी थांबली. अगदी मनासारखं काम. तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण दुकानात आणून उभी केली आणि डाग दिसले. केळीचा चीक. ज्यांनी केळी कापली आहे त्यांना ठाऊक आहे, तो चीक कपड्याला लागला की कपडा गेला. फ्रेमवर, दोन्ही चाकांच्या रिमवर काळे-तपकिरी ओघळ वाळून बसले होते. त्या चकचकीत सायकलींमध्ये ही म्हणजे लग्नात मळकं धोतर. आणि आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो. घड कापणारे मजूर आधी हाताला तेल चोळतात, मग विळा उचलतात. मी फडकं तेलात बुडवलं आणि फ्रेम पुसली, रिम पुसल्या. एकदा नाही, दोनदा. सायकल लखलखली. ताई खूश, मी त्यांच्याहून खूश. त्या चौकापर्यंत हातात धरून घेऊन गेल्या.

संध्याकाळी फोन आला.

"नाना, ब्रेक जरा गुळगुळीत वाटतायत हो. गल्लीत चालवून बघितली."

मी जेवत होतो. म्हणालो, "नवे पॅड आहेत ताई. थोडे चालले की बसतील. काळजी करू नका."

हे खोटं नव्हतं. नवे पॅड सुरुवातीला थोडे कमीच धरतात. हे उत्तर मी हजार जणांना दिलं असेल, आणि हजार वेळा बरोबर निघालं असेल.

रविवारी सकाळी साडेसात वाजता दुकानाच्या ओट्यावरून बायको ओरडली. "आहो! हाई काय करी ठेवेल शे? बठ्ठी फरशी तेलकट! मना पाय घसरना ना!"

पाय घसरला होता, भिंतीला हात टेकला म्हणून वाचली. मी फडकं घेऊन फरशी पुसायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. शनिवारी सायकल इथेच उभी होती. तेल रिमवरून ठिबकलं होतं.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. या सायकलीचे ब्रेक म्हणजे रबराचे दोन पॅड, ते चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. म्हणजे रिम हा ब्रेकचाच अर्धा भाग. आणि त्या अर्ध्या भागाला मी माझ्या हाताने तेल चोळलं होतं. दोनदा!

फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. डोंगराजवळ रेंज नसते. ही मंडळी सहाला निघतात. जाताना चढ, चढावर ब्रेक लागत नाही, म्हणून बाईंना काही कळणार नाही. कळेल ते येताना, उतारावर, वळणावर.

पॉलिश पेपर आणि पाना खिशात कोंबला, स्कूटर काढली. बायको विचारत होती कुठे, काय. तिला उत्तर दिलं नाही. रस्त्यात मनात एकच हिशेब, ते आता वर पोचले असतील, दर्शन, चहा, आता निघाले असतील. समोरून ॲम्ब्युलन्सचा आवाज येतो का म्हणून कान टवकारलेले. इतका घाबरलो होतो की खड्डे दिसत नव्हते.

डोंगराच्या पायथ्याशी ग्रुपमधले दोघे उतरून येताना भेटले; बाकीचे पुढे गेले होते, घाईत मला दिसले नव्हते. दोघे घामाघूम आणि आनंदात.

"ताई कुठायत?"

"मागे आहेत. काय झालं नाना?"

मी थांबलो नाही. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. कठड्यापाशी माणसं जमलीत का बघत होतो. तिसऱ्या वळणावर ताई दिसल्या. रस्त्याच्या कडेने चालत येत होत्या, सायकल हातात धरून. एकट्या.

मी स्कूटर कशीबशी उभी केली. 

"तुम्हाला लागलं का?"

"नाही," ताई म्हणाल्या. चेहरा लाल झाला होता. "वरून निघायच्या आधी ब्रेक दाबून बघितला. सायकल सरकतच राहिली. सगळे म्हणाले, अहो, नवं आहे, हळूहळू सवय होईल. हसले. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. नाना, मी काल तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "चूक माझी. रिमला मी तेल लावलं."

"तेल?"

"चीक काढायला."

 रावेरची बाई, चीक म्हटल्यावर पुढचं सांगावं लागलं नाही. "अहो नाना, तो डाग राहिला असता तर काय बिघडलं असतं? माझी सायकल बघायला काय मुलाकडचे येणार होते?"

लाज वाटली. वयाने मोठा असून त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी खाली बसलो, पॅड काढले आणि पॉलिश पेपरने वरचा थर घासून टाकला. आता रिम पुसायची कशाने? पेट्रोलचा विचार करत होतो, तेवढ्यात ताईंनी बॅगेतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला. नर्सची बॅग. दोघांनी मिळून दोन्ही रिम पुसल्या. कापूस काळा यायचा थांबेपर्यंत पुसल्या. पॅड बसवले, ब्रेक ओढून पाहिला.

"झालं. आता बिनधास्त जा."

ताई हलल्या नाहीत. "कालही तुम्ही हेच म्हणालात. आधी तुम्ही उतरा."

"मी?"

"माझ्या सायकलवर. मी तुमची स्कूटर घेऊन मागून येते."

मी त्रेसष्ट वर्षांचा. समोर उतार, एका बाजूला दरी. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? "हेल्मेट द्या," म्हणालो. त्यांनी दिलं, आणि पट्टा स्वतः घट्ट केला, दवाखान्यात पेशंटचा करतात तसा.

निघालो. वेग आला. आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या, पण माझ्या दुरुस्तीवर जीव टांगून मी असा कधी बसलो नव्हतो. तो मान गिऱ्हाइकांचा. वळणावर समोरून भाविकांची जीप आली. दोन्ही ब्रेक आवळले. रबर करकरलं, मागचं चाक जरा फरफटलं आणि सायकल थांबली. जीप हॉर्न वाजवत निघून गेली. माझे हात हँडलवरून सुटेनात.

मागून ताई आल्या. स्कूटर स्टँडला लावली. "उतरा आता, नाना."

त्यांनी हेल्मेट घातलं, सायकलवर बसल्या आणि उरलेला उतार स्वतः उतरल्या. मी स्कूटरवर मागे राहिलो. पायथ्याला ते दोघे थांबले होते. त्यांना ताईंनी काही सांगितलं नाही. मीही त्या वेळी गप्प बसलो, म्हणून आता लिहितो आहे.

ताई अजून दर रविवारी जातात. शुगर किती उतरली ते मी विचारत नाही, तो त्यांचा विभाग. माझ्या विभागात एक गोष्ट बदलली. फोनवर कोणी म्हणालं की ब्रेक जरा कमी वाटतोय, तर कारण सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. म्हणतो, आहात तिथे उतरा आणि सायकल हातात धरून दुकानात आणा. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे, चालत तरी येतं.