निंगप्पाचा खोकला

परवा रेडिओवर सांगितलं, सन दोन हजार उजाडेपर्यंत जगातल्या सगळ्या माणसांना दवाखाना मिळणार. सून म्हणाली, "ऐकलं का आत्याबाई, अजून बावीस वर्षं थांबा फक्त." थांबते की. माझं काय जातंय. पण मला नागूबाई आठवली.

नागूबाई माझी शेजारीण, अक्कलकोटकडच्या आमच्या गावातली. सरकारी दवाखाना तीन कोसांवर, मधे ओढा. आजारी माणसाला तिथवर न्यायचं तर गाडी पाहिजे, अन् दोघांचा रोजगार बुडतो. म्हणून दर मंगळवारी सगळ्यांच्या वतीनं नागूबाईच जायची. औषध मिळायचं, पण बाटली आपली न्यावी लागायची. दहा-बारा बाटल्या पाटीत घालून ही निघायची. अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक बाटलीच्या गळ्यात त्या त्या घरच्या लुगड्याची नाहीतर धोतराची चिंधी बांधलेली. तिच्या स्वतःच्या लुगड्याची चिंधी तेवढी कुठल्याच बाटलीला नव्हती.

आता पेशंट समोर नाही, मग औषध द्यायचं कसं? तर ही तिथं सगळ्यांची दुखणी करून दाखवायची. रुद्रप्पासारखी लंगडायची, माझ्यासारखी कंबर धरून वाकायची. निंगप्पा म्हाताऱ्याचा खोकला तर असा काढायची, की बाकावरची माणसं हसायची. कंपौंडर सिद्राम म्हणायचा, "बास अव्वा, निंगप्पा कळला. आण बाटली."

एकदा मी बरोबर गेले होते. मीपण हसले.

पंचाहत्तरच्या थंडीत तिची हाडं दिसायला लागली. मी म्हणायची, "एकदा सोताला दाखव की बाई."

"दाखवलं तर डाक्टर म्हणंल, सोलापूरला जाऊन पडून ऱ्हा. मग तुझ्या कंबरंचं औषध कोण आणणार, तू?"

एका मंगळवारी तिला अंथरुणातनं उठवेचना. मग मीच निघाले. निघताना दोरीवरच्या तिच्या लुगड्याची चिंधी फाडली, एका रिकाम्या बाटलीला बांधली अन् पाटीत ठेवली. वाटेत चार ठिकाणी बसले.

दवाखान्याच्या खिडकीपाशी सगळ्यांचं सांगून झालं. शेवटी ती बाटली राहिली.

"ही कुणाची?" सिद्रामनं विचारलं.

"नागूबाईची. खोकती लई. काल रगत पडलं."

"खोकला कसा हाय?"

मला नकला येत नाहीत. पण हा खोकला वर्षभर भिंतीपलीकडून ऐकलेला. मी खोकून दाखवलं. सिद्रामचा हात थांबला.

"हा तर निंगप्पाचा की."

"निंगप्पा दिवाळीच्या आदीपासनं सोलापुरात लेकाकडं हाय. बरा हाय."

"अवो, गेल्या मंगळवारी हाच खोकला केला तिनं हितं. मी निंगप्पाची म्हणून बाटली भरून दिली." मग तो आत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, उद्याच घेऊन या, सोलापूरला चिठ्ठी देतो.

घरी आले तर नागूबाईनं आधी बाटलीच बघितली. "माझं लुगडं फाडलंस व्हय? एकच धड हुतं."

"निंगप्पाचं नाव कशाला सांगितलंस?"

"त्याचं सांगितलं की औषध मिळायचं. माझं सांगितलं असतं तर मला ठेवून घेतलं असतं." एवढं बोलून ती भिंतीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी रुद्रप्पानं गाडी जुंपली. सोलापुरात ती नऊ दिवस राहिली, दहावा नाही बघितला. तिथले डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणायला पाहिजे होतं. काय सांगणार? ती स्वतःच स्वतःला आणत होती की, दर मंगळवारी.

पुढच्या मंगळवारी उजाडायच्या आत माझ्या दारात बाटल्या येऊन उभ्या. कंबर धरून गेले. अजून जाते. पण त्यानंतर मी कुणाचं दुखणं करून दाखवलं नाही. तोंडानं सांगते, अन् सिद्राम मान खाली घालून बाटली भरतो.