भिंगरीची सकाळची फेरी

आमच्या लॅबमध्ये घरोघरी जाऊन रक्त घेणाऱ्या मुली आहेत. त्यांतली सगळ्यात धाकटी ती भिंगरी. हे नाव मीच ठेवलं. उजाडता उजाडता ती स्कूटरला नळ्यांचा गार डबा अडकवून निघते आणि लोकांचा नाश्ता व्हायच्या आत अर्धं शहर पालथं घालून परत येते. मी आतल्या खिडकीशी बसते. आलेल्या नळ्या घ्यायच्या, त्यांवरच्या चिठ्ठ्या बघायच्या, यंत्रात घालून गरगर फिरवायच्या. माणसं मला चेहऱ्याने कमी आणि रक्ताने जास्त ओळखू येतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझं मत मुळातच फारसं बरं नाही.

भिंगरीला ही फेरी जिवापाड आवडायची. घरी दोन खोल्यांत आई, भाऊ, वहिनी आणि सतत चालू असलेला टीव्ही. "ताई, फेरीवर असते तेवढाच वेळ मला कुणी हाक मारत नाही," ती म्हणायची. रिकामे रस्ते, नुकती शटर वर करणारे दुकानदार, झोपेतून उठून दार उघडणारी माणसं, आणि या सगळ्यातून आपण एकटीने स्कूटर हाकत जायचं. लग्नाचा विषय निघाला की ती आधी विचारायची, सकाळची नोकरी चालेल का. दोन स्थळं त्यावरच फिरली आणि तिला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही.

या मुलींची एक रीत आहे. दाराची बेल दाबण्याआधी फोन कानाला लावायचा आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "हो दादा, पोचले मी. तुम्ही खालीच थांबा, पाच मिनिटांत आले." खाली कुणी दादा नसतो. फोनवरही कुणी नसतं. शिकलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईला दुसऱ्याच्या दारात उभं राहताना एक खोटा भाऊ सोबत न्यावा लागतो, याचीच मला आधी किळस येते. पण नव्या मुलीला नस कशी शोधायची हे शिकवतात त्याच दिवशी हेही शिकवतात.

लॅबने सुरक्षेसाठी काही केलं नाही असं नाही. एकदा एका कडक इस्त्रीच्या गृहस्थांना बोलावून व्याख्यान ठेवलं होतं. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. सैल कपडे घाला. निर्मनुष्य रस्ता टाळा. अनोळखी घरात एकटीने शिरू नका. मागच्या रांगेतून भिंगरीने शांतपणे विचारलं, "सर, मग रक्त खिडकीतून घ्यायचं का?" मुली पोट धरून हसल्या. मॅनेजरने डोळे वटारले आणि गृहस्थांनी घसा साफ करून पुढचं चित्र लावलं.

तर भिंगरीच्या फेरीत एक टॉवेलवाला होता. दर आठवड्याला उपाशीपोटी साखर तपासून घ्यायचा. वर्षाचे पैसे आधीच भरलेले, सोसायटीतली आणखी बरीच घरं त्यानेच आम्हाला मिळवून दिलेली, म्हणून मॅनेजरच्या गळ्यातला ताईत. साखर ठणठणीत. माझी तशी असती तर मी दिवसातून दोनदा गोड खाल्लं असतं. पण दर आठवड्याला नळी यायची आणि दर आठवड्याला भिंगरी तोंड वाकडं करून सांगायची, "आजही टॉवेलवरच. म्हणे आत्ताच अंघोळ करून आलो." बेल वाजली की याची अंघोळ आटोपते, हा योगायोग काही संपत नव्हता. भिंगरीने मॅनेजरच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "अगं, माणूस स्वतःच्या घरात कसाही राहील."

एके दिवशी ती परत आली. डबा ठेवला आणि नळाखाली हात धूत बसली. साबण लावायचा, धुवायचा, परत लावायचा. मी नळ्या यंत्रात घातल्या. फिरवून झाल्यावर वर फिकट पिवळं पाणी यायला हवं. टॉवेलवाल्याच्या नळीत ते लाल आलं. घेणाऱ्याचा हात थरथरला, सिरिंज जोरात ओढली गेली की रक्तातल्या पेशी अशा फुटतात. भिंगरीच्या नळीत हे आजवर कधी झालं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

ती नळ बंद न करताच बोलली. तिने दारात नेहमीसारखा फोन केला होता. आत गेली, त्याला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. सुई आत गेल्यावर तो वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "खाली कुणी नसतं गं. मी बाल्कनीतून बघतो ना दर वेळी. एकटीच तर येतेस." मग हसला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की दाराला आतून कडी लावलेली आहे.

"मग?"

"मग काय, कापूस लावला. दाबून धरा म्हटलं. कडी काढून खाली आले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात आमचे डॉक्टर आले, लाल नळी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "खराब आहे. उद्या परत घ्या." आणि आमच्याकडे नियम असा, की जिची नळी खराब निघाली तिनेच परत जायचं. चूक करणाऱ्याला अद्दल घडावी म्हणून. म्हणजे ज्या घरात तिचा हात थरथरला, त्याच घरात उद्या तिनेच जायचं होतं.

मी तिला घेऊन मॅनेजरकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "तू काही बोललीस का त्यांना? म्हणजे हसून वगैरे?" नंतर म्हणाला, साहेबांचा स्वभाव मोकळा आहे. नंतर म्हणाला, भावाला घेऊन जा. घरी भावाला सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "मी आधीच सांगत होतो, सोड ही नोकरी." आईने सल्ला दिला की वर एक जाड जाकीट घाल. सगळ्यांकडे भिंगरीसाठी काही ना काही सूचना होती. त्या टॉवेलवाल्याने काय करावं, निदान पँट घालावी, एवढंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकी बंद ठेवून मी तिच्या मागे स्कूटरवर बसले. बेल मीच दाबली. दार उघडलं. टॉवेल, ओले केस, आणि चेहऱ्यावर एक तयार हसू, जे मला बघताच मावळलं. "तुम्ही कोण?"

"हिच्यासोबत आलेय. रक्त खराब निघालं ना, म्हणून."

तो आत गेला आणि शर्ट-पँट घालून, भांग पाडून परत आला. मग आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "अगं, पाणी आण." आतून एक बाई दोन पेले घेऊन आली. त्याची बायको. इतके आठवडे ती त्या भिंतीपलीकडे होती. भिंगरी माझ्याकडे बघत राहिली, तिला हे माहीतच नव्हतं. रक्त घेऊन झालं, नळी झकास भरली. निघताना बायको दार लावायला आली आणि हळूच म्हणाली, "आज दोघी आलात, बरं केलंत." तिला सगळं ऐकू येत होतं तर. मला तिचा राग यावा की दया, ते पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत ठरेना.

आम्ही लॅबमध्ये पोचायच्या आत त्याचा फोन पोचला होता. न सांगता दोन बायका घरात शिरल्या, त्याला फार अवघडल्यासारखं झालं, अशी तक्रार. ती मात्र मॅनेजरने उभ्या उभ्या नोंदवून घेतली. कालपासून त्याच्या खिशातलं पेन सापडत नव्हतं, ते आज बरोबर सापडलं. मी तोंडात येईल ते बोलले. अंघोळ, कडी, बाल्कनी, सगळं. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आवाज कमी करा, बाहेर पेशंट बसलेत."

मग त्याने तोडगा काढला. तोडगे काढण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. "आजपासून तू फेरीवर जाऊ नकोस," तो भिंगरीला म्हणाला. "आत बस. नळ्यांना चिठ्ठ्या चिकटव, बाटल्या धू. तुझ्याच सुरक्षेसाठी सांगतोय."

भिंगरीचा चेहरा उतरला. तिची सगळी सकाळ, सगळं शहर त्याने एका वाक्यात काढून घेतलं होतं. "आणि माझी घरं?"

"सोमवारी ती नवीन मुलगी येतेय ना, तिला देऊ."

"साहेबांचं घरसुद्धा?"

"हो, म्हणजे तेही आलंच त्यात."

नवीन मुलगी आदल्या आठवड्यात मुलाखतीला येऊन गेली होती. नुकती परीक्षा पास झालेली, दप्तर छातीशी धरून बसलेली. प्रत्येकाला नमस्कार करत होती, झाडणाऱ्या बाईलासुद्धा.

भिंगरीने खाली ठेवलेला डबा उचलला. मग म्हणाली, "नको. ते घर माझ्याकडेच राहू द्या. फेरी मीच करीन."

"बघा," मॅनेजर माझ्याकडे वळून खुशीत म्हणाला, "याला म्हणतात समजूतदारपणा."

बाहेर आल्यावर मी तिचा दंड धरला. वेड लागलंय का तुला, म्हटलं, कालच तर हात धूत बसली होतीस.

"मग काय करू, ताई?" ती म्हणाली. "तिला पाठवू? मला निदान माहीत तरी आहे, तो कसा आहे ते."