कुसुमचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, कुसुमला, जाऊन आठ महिने झाले — तिलाही नाही. तिलाच तर नाही.

मागच्या महिन्यात नातीनं म्युझियममध्ये नेलं. माणसं चंद्रावर घेऊन गेलेल्या यानात जसा कॉम्प्युटर होता, तसल्याचा एक तुकडा काचेत ठेवलेला. "आजोबा, हे प्रोग्रॅम बायकांनी हातानी विणला," ती तिच्या इथल्या मोडक्या मराठीत म्हणाली. मी म्हटलं, "थापा मारू नकोस." पण खरं निघालं. तार बारीकशा लोखंडी कड्यातून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. बस. एवढ्यावर यानाला कळतं कुठं वळायचं ते? मी काचेला नाक लावून उभा. आणि एक तार चुकली तर? वर गेलेल्या माणसाचं काय? चूक पकडायला कोण बसत असेल?

कोण ते मला माहीत होतं. कुसुमसारखी बाई.

लंडनला, क्रॉयडनमध्ये नवे होतो तेव्हा ती एका कारखान्यात असलंच काम करायची. यानाचं नव्हे, ऑफिसातल्या मशीनचं — मोहरीएवढ्या कड्यांतून केसासारखी तार ओवायची. मी बेकरीत ट्रे धुवायचो. एका शनिवारी तिची सुपरवायझर केक घेऊन घरी आली. कुसुमला इंग्रजी येत नव्हतं, मला मोडकंतोडकं. बाई म्हणाली, हिच्यासारखा हात अख्ख्या कारखान्यात नाही, हिला बाकीच्यांचं काम तपासायला बसवायचंय.

कुसुम माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणतात हो त्या?"

मी काय म्हणालो — सांगतोच. म्हणालो, "तुझा हात चुकतो म्हणतात. काम सोड म्हणतात."

आणि बाईला सांगितलं, हिला आता घर बघायचंय.

घाबरलो होतो का? नाही. जळलो. मी ट्रे घासणार आणि ही गोऱ्या बायकांच्या चुका काढणार? तोंडातून खोटं निघायला क्षणही लागला नाही. कुसुमनं बाईला चहा दिला, केक कापून दिला, पण मान काही वर केली नाही. सोमवारी ती कामावर गेली नाही.

काचेसमोर मी नातीला एवढंच सांगितलं, तुझी आजी असलंच काम करायची. ती म्हणाली, "आजीनी मग तो काम का सोडला?"

"डोळे दुखायचे तिचे," मी म्हणालो. म्हणजे बघा. अजूनही.

त्यानंतर कुसुमनं कधी सुईसुद्धा ओवली नाही. ब्लाउजचा हूक तुटला तरी सुई-दोरा माझ्यापुढे धरायची. "तुम्हीच ओवा, माझा हात चुकतो."

मी ओवून द्यायचो.