वसुबारसेचा फोटो

काष्टीच्या अंगदची पहिली वेबसाइट मोबाईलवर उघडली की माणूस दचकायचाच. हिरव्या पाटीवर लाल अक्षरं, तीही सरकती, वर लुकलुकणारे बाण, आणि खरेदीचं बटण असं कोपऱ्यात दडवलेलं की शोधता शोधता मोबाईल गरम व्हावा. दूध संकलन केंद्रावर पोरं खिदळायची. "अंगदभाऊ, दशक्रियेचं पत्रकसुद्धा याहून देखणं असतं की हो!" अंगद हसण्यावारी न्यायचा, पण घरी येऊन तोंड पाडून बसायचा.

कारण माणूस कामाचा होता. कडबाकुट्टी, गोठ्यातली रबरी मॅट, दूध काढायचं मशीन, जे काही असेल ते आधी स्वतःच्या गोठ्यात वापरायचा आणि मग बरं-वाईट खरंखरं लिहायचा. माल कंपनीचा. अंगदच्या साइटवरचं बटण दाबून कुणी तो घेतला, की अंगदला कमिशन. धंदा एवढाच. पण बटणापर्यंत पोचत होतं कोण? लोक साइट उघडायचे आणि "हे काहीतरी फसवाफसवीचं दिसतंय" म्हणून पळायचे. खरं लिहिणाऱ्यावर ही पाळी, काय म्हणायचं आता!

शेवटी बायकोनं पदर खोचला. निकिता लग्नाआधी पुण्यात वेबसाइटचंच काम करायची. "अहो, माणूस आधी बघतो, मग वाचतो," ती म्हणाली. "तुमच्या साइटवर बघवतच नाही, तर वाचणार कोण?" तिनं सगळा पसारा काढून टाकला. पांढरी मोकळी पानं, मोठे स्वच्छ फोटो, अंगठ्याखाली येईल असं एकच बटण. रानात रेंज कमी असली तरी पान झटकन उघडायचं. आणि खरंच, लोक थांबायला लागले, वाचायला लागले, घ्यायला लागले. अंगद तर हवेतच.

पहिल्या पानावर निकितानं एक जागा मोकळी ठेवली होती. "इथं ओळखीचा चेहरा पाहिजे. रोज गोठ्यात राबणारं माणूस."

ओळखीचा चेहरा म्हटल्यावर अंगदला दुसरं कोण आठवणार? शेजारची साळूबाई. अख्खा शनिवारचा जनावरांचा बाजार तिला नानी म्हणायचा. गाय घेण्याआधी लोक तिला बोलवायचे, ती पाठीवरून, कासेवरून हात फिरवायची, आणि तिनं "घे" म्हटलं की दलालाची बडबड बंद. स्वतःच्या गाईंची धार ती हातानंच काढायची आणि एक सड वासरासाठी सोडायची. मशीन तिनं दारात येऊ दिलं नव्हतं.

वसुबारसेला अंगदनं तिचा फोटो काढला होता. नऊवारी, हातात ओवाळणीचं ताट, समोर गाय-वासरू. "आठवण म्हणून" काढला होता. आता त्यानं मोबाईलवर बसून ते ताट पुसलं आणि त्या जागी दूध काढायच्या नव्या मशीनची चकचकीत बादली चिकटवली. खाली लिहिलं, 'साळूबाईंच्या गोठ्याची पसंती'. मशीन नवंकोरं आलेलं, कमिशन दांडगं. या वेळी त्यानं ते स्वतःच्या गाईलाही लावून बघितलं नव्हतं.

"नानींना विचारलंत ना?" निकितानं विचारलं.

"व्हय, व्हय," अंगद म्हणाला. बायकोच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला गडी!

पान मात्र असं सजलं की बघत राहावं. मशीन भराभर खपलं.

मग एका शनिवारी, ऐन बाजारात, कर्जतकडची इमामबी मोबाईल हातात धरून साळूबाईला शोधत आली. अंगद तेव्हा शेजारच्या टपरीवर चहा पीत होता.

"साळूबाई तूच ना गं? तुझं बघून मशीन घेतलं मी. माझ्या गाईचे सड सुजले, दुधात रक्त उतरतंय. लाज न्हाई वाटली तुला?"

"अगं बाई, मी मशीन लावतच न्हाई," साळूबाई म्हणाली.

इमामबीनं मोबाईल तिच्यासमोर धरला. साळूबाईनं डोळे बारीक करून बघितलं. आपलं लुगडं, आपली गाय, आणि आपल्याच हातात ती बादली. भोवती माणसं जमली. कुणीतरी बोललंच, "नानी, मोबाईलवर एक अन् बाजारात एक व्हय?"

साळूबाईनं मान वर केली. तिची नजर बरोबर अंगदवर आली. फोटो कुणी काढला होता हे तिला ठाऊक होतं. अंगदनं पुढं होऊन "हे माझं काम" एवढंच म्हणायचं होतं. त्यानं नजर चहाच्या कपात घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाय हलला नाही. आणि साळूबाईनं त्याचं नाव घेतलं नाही. पदर सावरत ती इमामबीला म्हणाली, "चल, गाय दाव मला." दोघी टेम्पोत बसून गेल्या.

संध्याकाळी ती परतल्यावर अंगद तिच्या दारात गेला. "नानी, चुकलं माझं. फोटो काढून टाकलाय."

"वसुबारस हुती रं त्या दिशी," साळूबाई म्हणाली. "दुधाचा थेंब तोंडाला लावला नव्हता मी. इचारायचं तरी हुतंस." एवढं बोलून ती वैरण टाकायला आत गेली.

निकितानं त्याला फाडून खाल्लं. "विचारलं होतं मी तुम्हाला! व्हय म्हणालात!" तिनं तिथल्या तिथं त्याच्याकडून माफी लिहून घेतली आणि पहिल्याच पानावर, फोटोच्या जागी, मोठ्या अक्षरात लावली. दुसऱ्या दिवशी अंगद कर्जतला जाऊन मशीन परत घेऊन आला. इमामबीनं त्याला पाणी दिलं, पण सुनावलंही. "तुझं ते पान घाणेरडं असतं ना बाबा, तर मी हातबी लावला नसता. इतकं देखणं केलंस, म्हणून खरं वाटलं."

पुढच्या शनिवारी बाजारात एक जोडपं साळूबाईला बोलवायला आलं. गाय तरणी, अंगानं भरलेली. साळूबाईनं नेहमीसारखा पाठीवरून हात फिरवला, कास चाचपली.

"नानी, तुमी फकस्त व्हय म्हणा," नवरा म्हणाला. "लगीच इसार देतो."

साळूबाईनं हात काढून घेतला. "गाय बरी दिसती. पर माझ्या सांगन्यावर घिऊ नगा. डाक्टरला दावा."

थट्टा करते असं वाटून तो हसला. साळूबाई हसली नाही. बाजार अजून पुरता भरला नव्हता, तरी ती घराकडं निघाली. समोरून ती येताना दिसली तसा अंगद वाट सोडून बाजूला झाला.